टीवाय ऑरगॅनिकचे भोईर सर

भोईर सरांचा मला हेवा वाटायचा. स्टाफरूममध्ये त्यांचा विषय निघाला की मी कौतुक, आदर, मेहनती माणूस असले शब्द वापरत असे, आणि ते खोटे होते असंही नाही. पण खरा शब्द हेवाच. तो पहिल्या आठवड्यात मनात शिरला आणि पोटभाडेकरूसारखा जागा अडवून बसला. आता सर आमच्या कॉलेजात नाहीत, म्हणून हे लिहिताना हात फारसा अडखळत नाही.

मी विरारच्या एका कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री शिकवते. अठरा वर्षं झाली. पीएच.डी. आहे, नोकरी कायम आहे, केबिनच्या दारावर नावाची पाटी आहे. भोईर सरांकडे यातलं काही नव्हतं. ते तासिका तत्त्वावर आले होते, म्हणजे वर्षाला जितके तास मिळतील तितकीच नोकरी. त्यांचं गाव खाडीकाठचं, घर शेतीचं, वडील उभा जन्म मिठागरात राबलेले. चाळिशीचा सावळा, आडव्या बांध्याचा माणूस. पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर परमँगनेटचे तपकिरी डाग. शर्ट बदलला तरी डाग त्याच जागी असायचे, त्यामुळे यांच्याकडे एकच शर्ट आहे की डाग पाडायची ठरलेली पद्धत आहे, असा प्रश्न मला पडायचा. स्टाफरूममध्ये ते क्वचित बसत. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकट खात आणि मग स्वतःचे फ्लास्क स्वतः धूत. आमच्याकडे फ्लास्क धुवायला माणूस आहे. सगळे त्यांना मामा म्हणतात. "सर, ठेवा, मी करतो," मामा म्हणत. "र्‍हाऊ द्या मामा, मलाच कळू दे किती चिकटलंय," असं सर म्हणत.

टीवायचा, म्हणजे शेवटच्या वर्षाचा, ऑरगॅनिकचा पेपर माझा होता. त्याला दुसरं कोणी हात लावत नसे. मग माझी पाठ धरली आणि डॉक्टरांनी मला दोन महिने अंथरुणावर झोपवलं. पेपर तात्पुरता भोईर सरांकडे गेला. मी परत आले तेव्हा विद्यार्थ्यांनी प्राचार्यांना अर्ज दिला होता, की हा पेपर यापुढेही भोईर सरांकडेच ठेवावा. अर्जात माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. उलट, मॅडमनी तब्येतीची काळजी घ्यावी असं खाली लिहिलं होतं. तेच मला जास्त लागलं. प्राचार्यांनी अर्ज मान्य केला.

पहिल्या दिवशी आम्ही सगळेच नियम सांगतो. माझे नियम इंग्रजीत टाइप केलेले, दोन पानं, हजेरीची टक्केवारी, जर्नल देण्याची तारीख, मोबाईल, एप्रन, सगळं मुद्देसूद. मी ते वाचून दाखवत असे आणि समोरचे साठ चेहरे हळूहळू मिटत जात. भोईर सरांनी फळ्यावर खडूनं मराठीत पाच-सहा ओळी लिहिल्या. त्याचा फोटो विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्या मोबाईलवरही आला. उशीर झाला तर मागच्या दारानं या, पण या. काच फुटली तर लगेच सांगा, लपवलीत तर दुसऱ्याचा पाय कापेल. हे परीक्षेला येणार का, असं विचारू नका, येणार. जर्नलमध्ये खोडरबर चालणार नाही, चुकलं तर एक रेघ मारा, रेघेखालचं वाचता आलं पाहिजे. आणि शेवटी, पदार्थ जितका मिळाला तितकाच लिहा. कमी मिळाला म्हणून माझ्याकडे मार्क जात नाहीत, खोटा मिळाला म्हणून जातात.

ही शेवटची ओळ वाचून मी मामांकडे पाहिलं आणि मामांनी माझ्याकडे. ती ओळ आमच्या सगळ्या विभागाच्या मुळावर येणारी होती. कारण सांगते. प्रॅक्टिकलमध्ये मुलांनी दोन रसायनांपासून तिसरा पदार्थ बनवायचा असतो, तो गाळायचा, वाळवायचा आणि वजन करायचं. मिळायला हवा त्याच्या किती टक्के मिळाला, यावर मार्क. मुलांच्या हातून तो सांडतो, गाळणीला चिकटतो, जळतो. मग मामांच्या कपाटात तपकिरी बाटल्या असत आणि त्यांत मागच्या वर्षांचा कोरडा पदार्थ. वजन करायच्या आधी मामा प्रत्येकाच्या काचेच्या बशीवर अर्धा चमचा टाकत. मुलं त्याला 'मामांची बरकत' म्हणत. त्यामुळे आमच्या कॉलेजात कोणालाही बहात्तर ते अठ्ठ्याहत्तर टक्क्यांच्या बाहेर काही मिळत नसे. मी शिकायला होते तिथेही बरकत होती. मी स्वतः विद्यार्थिनी असताना घेतलेली आहे. यात लबाडी आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही, जशी ऋतूप्रमाणे भाजी तसा परीक्षेला चमचा.

भोईर सरांनी त्या बाटल्या फेकल्या नाहीत की मामांना काही बोलले नाहीत. फक्त त्यांच्या बॅचच्या प्रॅक्टिकलच्या वेळी मामांना ते चहाला पाठवत.

त्यांची आणि माझी प्रयोगशाळा शेजारीशेजारी, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन. मी माझ्या बाजूला जर्नल तपासत बसायची आणि कान पलीकडे. एकदा स्फटिक कसे पडतात हे सांगणं चाललं होतं. या विषयावर माझ्या प्रबंधात एक अख्खं प्रकरण आहे.

"माझा बाप आगरात पानी घ्यायचा," पलीकडून आवाज आला. "आम्ही पोरं पाय घालायला गेलो की ओरडायचा. का? पानी हललं की मीठ बारीक पडतं, आनि बारीक मिठात घान अडकते. सोडून दिलं की दाना मोठा धरतो, घान पान्यात र्‍हाते. आता तुमच्या बीकरकडं बघा. कोन कोन ढवळतंय?"

कोणीतरी काचकांडी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग एकामागोमाग एक, पाचसहा काचकांड्या. माझ्याकडे हा प्रयोग शिकवताना मी "डू नॉट डिस्टर्ब द सोल्युशन" असं तीनदा सांगते आणि सगळे ढवळत राहतात. मी लाल पेन खाली ठेवलं आणि किती तरी वेळ मला पुढची वही उघडावीशी वाटली नाही. माझं माहेर गिरीजचं. आमच्या वाडीत केळी होती, नारळ होते, पाटाचं पाणी होतं. अठरा वर्षांत त्यातलं काही एक मला वर्गात सांगावंसं वाटलं नव्हतं, आणि हा माणूस बापाचं मिठागर घेऊन सरळ माझ्या प्रबंधात शिरला होता.

त्यांच्या तपासण्याचीही एक तऱ्हा होती. हिरवं पेन. मुलांनी रेघ मारून कापलेल्या चुकीच्या ओळी ते वाचत आणि चूक मुलाची स्वतःची असेल, कुणाची उतरवलेली नसेल, तर तिच्या शेजारी बरोबरची खूण करत. "दिसलं ते लिहा, पायजे ते नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलं त्याची नक्कल करायची, अगदी कँटीनमध्ये सुद्धा. "काका, समोशात बटाटा दिसला तर लिहा."

त्या वर्षी माझी भाची केतकी त्यांच्या वर्गात होती. माझ्या भावाची मुलगी, आमच्याच कॉलेजात. रविवारी गिरीजला गेले होते. वहिनी आत होती, केतकी माझ्यासमोर अळूची पानं पुसत बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, भोईर सर कसं शिकवतात?"

"भारी शिकवतात, आत्या."

"आणि मी?"

तिनं हातातलं पान उलटून पुसलं. पोरगी खोटं बोलायची नाही, तो आमच्या घराण्याचा दोष. "तू पण छान शिकवतेस गं. तुझ्या लेक्चरला सगळं लिहून मिळतं, नोट्स एकदम परफेक्ट. सरांच्या लेक्चरला लिहायला काही मिळत नाही. पण समजतं."

मी म्हटलं, पानं नीट पूस, माती राहिलीये.

त्या दिवसापासून मी त्यांच्यात खोट शोधायला लागले. तीही शोधल्यावर सापडतेच. ते उशिरा येणाऱ्यांना हजेरी देत. अर्नाळ्याच्या दोघी-तिघी मुली सकाळी घरची मासळी वाळत घालून मग येत, त्यांच्यासाठी मागचं दार उघडं असे, आणि नियमात ते बसत नव्हतं. अभ्यासक्रमात ते मागे पडत. एकदा एका मुलाचा प्रयोग तीनदा बिघडला तर तिन्हीदा का बिघडला यावर अख्खा तास घालवला. आणि माणूस म्हणून ते काही संत नव्हते. कोणी बाहेरच्या गाइडमधलं उत्तर उतरवून आणलं की त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की त्यापेक्षा ओरडलेलं बरं. एका मुलाशी ते या कारणावरून महिनाभर बोलले नव्हते. मला ते कळलं तेव्हा बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

वार्षिक प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले. भले गृहस्थ, परतायची घाई असलेले. त्यांच्या हातात छापील तक्ता होता, सत्तर टक्क्यांच्या वर पूर्ण मार्क, पन्नासच्या खाली जवळजवळ काही नाही. भोईर सरांच्या बॅचनं वर्षभर जे केलं तेच परीक्षेतही केलं. कोणी चव्वेचाळीस टक्के लिहिलं, कोणी छत्तीस. केतकीनं एक्केचाळीस लिहिलं. अर्नाळ्याची सानिका नावाची मुलगी होती, वर्गातली सगळ्यात हुशार. तिचा फ्लास्क शेवटच्या क्षणी तडकला, तिनं एकतीस लिहिलं आणि शेजारी 'फ्लास्क तडकला, काही भाग टेबलावर' असंही लिहिलं. परीक्षकांनी तक्त्याप्रमाणे मार्क दिले. भोईर सर त्यांच्याशी अर्धा तास भांडले, मग हात जोडले, पण तक्ता तो तक्ता. सानिकाचा पहिला वर्ग गेला आणि तिला हवा होता त्या कॉलेजातला एम.एस्सी.चा प्रवेशही गेला.

तिचे वडील प्राचार्यांकडे आले. होडीवर जाणारा माणूस, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीच्या टोकावर बसला होता. "माझी पोर पयली येते दर साली. औंदा काय झालं?" एवढंच विचारत राहिले. सानिका बाजूला उभी. प्राचार्यांनी तिला विचारलं, "तुझी काही तक्रार आहे का?" ती म्हणाली, "नाही सर. वजन तेवढंच होतं."

प्राचार्यांनी मला लेखी मत मागितलं. विभागात सगळ्यात जुनी मीच. ती नोट मी एका बैठकीत लिहिली, आणि सांगते, माझ्या हातून इतकं सुबक काही कधी लिहून झालं नव्हतं. हजेरीचा नियम पाळला गेला नाही, हे लिहिलं. अभ्यासक्रमाचे दोन भाग घाईत उरकले, हे लिहिलं. मूल्यमापनाच्या प्रचलित पद्धतीची विद्यार्थ्यांना कल्पना न दिल्यामुळे त्यांचं नुकसान झालं, हे लिहिलं. विद्यार्थिहिताचा विचार करता टीवायचा पेपर अनुभवी व्यक्तीकडे असावा, हे शेवटी लिहिलं. एकेक वाक्य तपासून घ्या, खोटं सापडणार नाही. बरकतीचा उल्लेख केला नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं. खाली सही केली आणि घरी जाऊन शांत झोपले.

जूनमध्ये टीवाय ऑरगॅनिक माझ्याकडे परत आलं. भोईर सरांना पहिल्या वर्षाचे थोडे तास मिळाले. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही, फक्त जाता-येता माझ्याशी जे दोन शब्द बोलत ते बंद झाले. मला वाटलं, कामात असतील.

पेपर मिळाला. पण वर्गात गेल्यावर मला रोज पार्टिशनपलीकडची ती शांतता आठवे, काचकांड्या खाली ठेवल्यानंतरची. मला ती हवी होती. तेव्हा मी काय केलं, तर त्यांचे नियम चोरले. माझी दोन पानं बाजूला ठेवली आणि फळ्यावर त्यांच्याच ओळी लिहिल्या, जशाच्या तशा. जितकं मिळालं तितकंच लिहा. कमी मिळालं म्हणून मार्क जाणार नाहीत. मामांना चहाला पाठवलं आणि कपाटाला कुलूप घालून किल्ली पर्समध्ये टाकली.

पहिल्या प्रॅक्टिकलची जर्नल्स घरी आणली. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर ढीग लावला आणि वाचायला बसले. चौऱ्याहत्तर टक्के. शहात्तर. त्र्याहत्तर. पंच्याहत्तर. शेवटच्या वहीपर्यंत हेच. कपाटाला कुलूप होतं, म्हणजे आता पदार्थसुद्धा नव्हता, नुसते आकडे होते. पुढच्या वेळी मी अर्धा तास समजावून सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या आणि पुन्हा चौऱ्याहत्तर लिहिलं. एका मुलीला मी केबिनमध्ये बोलावून विचारलं, की खरं किती मिळालं होतं? ती घाबरून म्हणाली, "मॅडम, सत्तर चालेल का?"

तेव्हा मी टेबलावर डोकं टेकून रडले. पाठ दुखत असेल असं समजून ती मुलगी पाणी घेऊन आली.

मार्च उजाडेपर्यंत मी तशीच रेटत राहिले. शेवटच्या आठवड्यात कळलं, की भोईर सर पुढच्या वर्षी नाहीत, पालघरच्या बाजूला कुठे तरी जाणार आहेत. तासिकेवरच्या माणसाला निरोप समारंभ नसतो. त्या दिवशी दुपारी मी पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभी राहिले. चाळीस मुलं, बेंझोइक ॲसिड शुद्ध करण्याचा प्रयोग, शेवट चालला होता.

"या मॅडम, बसा. पाच मिन्टं," सर म्हणाले. मी मागच्या स्टुलावर बसले.

टेबलावर त्यांचा स्वतःचा प्रयोग मांडलेला होता. मुलांबरोबर तेही तोच प्रयोग करत होते. मी मुलांसमोर शेवटचा प्रयोग कधी केला ते मला आठवेना. त्यांनी स्वतःचा पदार्थ तराजूवर ठेवला, वजन वाचलं, हिशेब केला आणि फळ्यावर लिहिलं, 'भोईर, २७ टक्के. पाणी जास्त घातलं.'

वर्ग खिदळला.

"हसा. किती पानी घातलं ते पन मला सांगता येनार नाय, मोजायचं विसरलो. हां, आता तुमचं बोला."

"सर, माझं अठरा," पहिल्याच बाकावरचा मुलगा म्हणाला.

"का?"

"गाळताना सांडलं."

सरांनी त्याच्या नावापुढे तसं लिहिलं. मग हात वर यायला लागले. बावन्न, चाळीस, बावीस. एक मुलगी चाचरत म्हणाली, "सर, माझं एकशे नऊ आलंय."

"ओलं हाय ते. पुसू नको, एकशे नऊच लिही, आनि ओलं म्हनून लिही."

फळा भरत गेला. दोन आकडे सारखे नव्हते. मुलं आपापलं अपयश सांगायला एकमेकांच्या पुढे हात करत होती आणि मी मागे बसून जळत होते, अगदी शब्दशः, कानशिलं गरम झाली होती. असा फळा माझ्या वाट्याला एकदाही आला नव्हता.

मुलं गेली. सर नेहमीप्रमाणे सिंककडे वळले. मी जागेवरूनच म्हटलं, "सर, गेल्या वर्षीची ती नोट मी लिहिली होती."

"माहीत हाय," ते म्हणाले. "ऑफिसातल्या बाईंनी फाईलला लावायला माझ्याच हातात दिली होती. वाचली मी. चार महिने तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाय."

"त्यात खोटं काही नव्हतं, सर." हे का म्हणाले, कोण जाणे. इतक्या वेळानंही मला स्वतःची बाजू मांडायची होती.

"नव्हतं. एक ओळ पन खोटी नव्हती." त्यांनी धुतलेला फ्लास्क स्टँडवर उलटा अडकवला आणि दुसरा घेतला. "फक्त कारन लिवलं नव्हतं तुम्ही."

त्यांनी नळ सोडला. पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर मला बोलायला धीर आला. त्या आवाजाच्या आडून मी कारण सांगितलं, पार्टिशनपासून अळूच्या पानांपर्यंत सगळं, खाली बघून, एका दमात. सांगून झालं आणि वाटलं, सुटले.

सरांनी नळ बंद केला.

"पानी चालू होतं मॅडम, ऐकू नाय आलं. परत सांगा."

मी परत सांगितलं. हातातला ओला फ्लास्क तसाच धरून ते शेवटपर्यंत ऐकत उभे होते.